अकरा हृदयं, बर्फात

सहाच्या आत पोचावं लागतं.
उशीर झाला की हृदयं थंडावतात
आणि थंडावलेल्यातून आमच्या कामाचं काही निघत नाही.

सेर्रोच्या टेकडीखाली, कत्तलखान्याच्या मागच्या दाराशी
ओलेगारिओ डबा घेतो, बर्फ चाचपतो.
"आज अकरा. बारावं ठेवलंय, बायकोला आवडतं."
मग नेहमीचं : "वेनान्सिओची पोर ना तू?"
तेवीस वर्षं माझा बाप ह्याच दारातून
कोपरापर्यंत लाल होऊन बाहेर पडायचा.

बसमध्ये डबा मांडीवर.
शेजारच्या बाईने विचारलं, केक आहे का गं?
मी हो म्हणाले.

प्रयोगशाळेत दोन स्वेटर घालून
चरबी तासायची, खिमा करायचा, साखरेच्या पाण्यात घोटायचा,
यंत्रात गरगर फिरवायचा.
शेवटी नळीच्या बुडाशी तपकिरी गाळ, चमचाभर :
मायटोकॉन्ड्रिया.
अकरा जनावरांचं सगळं धावणं
त्या चमच्यात मावतं.

त्यावर मोजून एटीपी. दहा मिनिटं.
मग आम्ल, मग ते दुसरं द्रावण,
आणि नळ्या निळ्या होत जातात.
जितकं तुटलं, तितकं निळं.
एका नळीत मुद्दाम विषाचा थेंब टाकलेला असतो,
ती पाण्यासारखी राहते.
तिच्यामुळे बाकीच्यांवर विश्वास ठेवता येतो.

डॉक्टर सुबिशागा खडूने फळ्यावर चाक काढतात.
श्वास चालू असेतो हा रहाट भरत असतो, म्हणतात,
श्वास थांबला की तोच उलटा फिरतो
आणि घरातलं साठवलेलं
भसाभसा ओतून टाकतो, जणू कुणी सांगितलंय.
पण एक छोटंसं प्रथिन असतं.
आत आंबट व्हायला लागलं की
ते जाऊन चाकात पाचर होऊन बसतं.

मला आई आठवली.
संप लांबला त्या हिवाळ्यात
तिने पिठाचा डबा पलंगाखाली सरकवला
आणि स्वतः पलंगावर बसून राहिली.
पाहुणे आले तरी उठली नाही.

बाप जुलैत गेला, रात्री कधीतरी, खुर्चीत.
सकाळी पाहिलं तर हातात मातेचं भोपळ्याचं भांडं,
नळी तिरकी, पानं गार.
बोटं सुटेनात.
भाऊ म्हणाला, जोर लावू या.
मी म्हणाले, थांब.
मला ठाऊक होतं काय झालंय ते,
आणि ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

स्नायूत एक धागा दुसऱ्याला धरतो.
धरलेलं तसंच राहायला काही लागत नाही.
सुटायला मात्र दर खेपेला
एक एटीपी यावा लागतो, नवा, न तुटलेला.
तो आला नाही तर धागा धरूनच राहतो.
लोक त्याला ताठरणं म्हणतात.
तो ताठा नव्हे. खिशात दमडी नसणं आहे.

आणि हा माणूस असा,
की उसने दिलेले पैसे कधी मागितले नाहीत,
सुरी मागितली तर सुरी दिली, सायकल मागितली तर सायकल,
एकदा तर माझे नवे बूट
शेजारच्या मुलीला देऊन आला
आणि वर मलाच म्हणाला, तुझे पाय वाढतायत.

भांड्यासकट पुरला.
पाद्रीने पाहिलं, बोलला नाही.

आज दहा नळ्या निळ्या, एक स्वच्छ.
आकडे वहीत लिहिले. नळ्या धुतल्या.
समुद्रासारख्या दिसणाऱ्या नदीवरून वारा येत होता,
बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती,
मी दांडा घट्ट धरून आले.
सेर्रोचा थांबा आला
तेव्हा हात वर, दांड्यावर, विसरलेला.
त्याच्याकडे पाहिलं.
उघडला.